दारुड्यांच्या शाळेतला शिपाई

बोलायला उभा राहिला की तो आधी शर्टाची वरची गुंडी लावायचा आणि मग म्हणायचा, "मी लय हलका माणूस हाय." आमच्या नाशकातल्या कचेरीत हे कुणाला नव्यानं सांगायची गरज नव्हती. मला तर नव्हतीच. मी हेडक्लार्क, तो माझ्या हाताखालचा रेकॉर्डरूमचा शिपाई. फायलींच्या गठ्ठ्यांवर तर्र होऊन झोपलेला असताना मीच त्याला दोनदा पकडून मेमो दिला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पितात तेव्हा गटारात सापडतात, सोडतात तेव्हा लोकांना उपदेश करत फिरतात. यानं एकाएकी दारू सोडली आणि दर गुरुवारी कचेरी सुटली की सायकल काढून शरणपूरकडे जाऊ लागला. कुठे जातोस विचारलं की म्हणे, "दारुड्यांच्या शाळंत." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच, कारण मी स्वतःला दारुडा समजत नव्हतो. माझ्याकडे परमिट होतं. माझ्या प्रकृतीसाठी मला प्यायला हवी, असं सरकारनं लिहून दिलं होतं. त्याची हातभट्टी आणि माझी बाटली यांत मला जमीनअस्मानाचा फरक वाटे.

मग थोरल्या मुलीला बघायला मालेगावची मंडळी आली. मी सकाळपासूनच घेत होतो. पोह्यांच्या बश्या बाहेर आल्या, तोवर मी मुलाच्या वडिलांना, तुमच्या मुलाचं नाक असं का, हे तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारायला उठलो तो त्यांच्याच अंगावर पडलो. मंडळी चपला घालून निघून गेली. मुलगी आतल्या खोलीत गेली, ती दोन दिवस माझ्यासमोर आली नाही. बायको सरळ त्या शिपायाच्या घरी गेली आणि त्याच्या शाळेचा पत्ता घेऊन आली.

शाळा खरोखरच एका प्राथमिक शाळेच्या वर्गात भरत होती. पत्ता हातात असून मी दोनदा फाटकावरून पुढे निघून गेलो. आत पोरांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन, दहाबारा बाप्ये बसले होते. एक टांगेवाला, एक मास्तर, एक निवृत्त फौजदार. भिंतीवर पाढे. इतकी दळभद्री सभा मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमचा शिपाई मात्र घरचं कार्य असल्यासारखा दारात उभा. मी त्याला म्हणालो, "मी नुसता बघायला आलोय."

"बघा की भाऊसाहेब," तो म्हणाला. "आमीबी आधी बघायलाच आल्तो."

त्याचं बोलणं म्हणजे निव्वळ तमाशा. म्हशीला बायको समजून रात्रभर तिची माफी कशी मागितली, सासऱ्याच्या तेराव्याला निघून भलत्याच घरी बारशाला बसून कसा हंबरडा फोडला. लोक पोट धरून हसत. मला किळस येई. माझी पाळी आली तेव्हा मी सभ्य माणसाला शोभतील अशी कारणं दिली. कामाचा ताण, मित्रांचा आग्रह. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाहेर सायकलीचं कुलूप काढताना तो हळूच म्हणाला, "खोटं बोललात. चालतंय. मीबी खोटंच बोलतो. पण या बसायला."

शिपायानं हेडक्लार्कला असं म्हणावं, हे मला सोसेना. पुढच्या गुरुवारी मी गेलो तो केवळ त्याला दाखवून द्यायला. काय दाखवायचं होतं, ते आता आठवत नाही. रागारागानं दीड वर्ष जात राहिलो आणि त्या रागात प्यायचं राहून गेलं.

पुढे त्याची बदली इगतपुरीला झाली. तिथून त्याचं कार्ड आलं: इथेबी शाळा काढली आहे, गुरुवारी यावे. यानं तिथे कसली रत्नं गोळा केली असतील ती बघून हसावं, म्हणून मी श्रावणात गेलो. स्टेशनापासून समाजमंदिरापर्यंत चालत पोचेतो छत्री असून नखशिखांत भिजलो. खोलीत आठ खुर्च्या मांडलेल्या आणि तो एकटा. चार महिने दर गुरुवारी तो असाच एकटा बसत होता. मी विचारलं, कुणी येत नाही तर खुर्च्या कशाला मांडतोस?

"एखादा दारातून डोकावला, तर त्याला वाटू नये का आपनच पयले आलो."

मग तो उठला आणि एकट्या माझ्यासमोर बोलू लागला. मी हसायच्या तयारीनं बसलो. पण या खेपेला म्हैस नव्हती की बारसं नव्हतं. बायको बाळंतपणात अडली होती. त्याला टांगा आणायला धाडलं. वाटेत गुत्ता लागला, एकच घेऊ म्हणून तो बसला आणि बसूनच राहिला. शेवटी शेजाऱ्यांनी तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली. मूल वाचलं नाही.

"मुलगी व्हती," तो म्हणाला. "हे नाशकात कुनाला सांगितलं नाय. तिथं समदे हसायला बसत्यात. ती सवय मीच लावली."

तो खाली बसला. आता रडेल, असं मला वाटलं. रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता तुमी."

मी उठलो आणि पहिल्यांदा खरं बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते ऐकणारा एकच माणूस होता आणि त्या हिवाळ्यात तो काविळीनं गेला.