दुपारी तीन ते साडेतीन

टीवायला, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, समाजशास्त्राच्या प्रोजेक्टचा विषय मी निवडला नव्हता, मॅडमनी दिला होता. वाडी असलेल्या घरांतल्या लग्न झालेल्या बायकांचा दिवस कसा जातो, ते तासातासाने नोंदवायचं. वर्गातले बाकी सगळे विरार-नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमधले, वाडीतली मी एकटीच. "तुझं फील्ड तुझ्या दारात आहे, तुला कुठे हिंडायला नको," मॅडम म्हणाल्या. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

आमचं घर नंदाखालला. मागे केळी, नारळ आणि थोडी फुलझाडं. बाबा गेल्यापासून वाडी आई बघायची. दादा वसईला कंपनीत कामाला, सकाळी सातला बाहेर पडायचा. घरात वहिनी आणि तिची तीन वर्षांची मुलगी. वहिनी विरारच्या चाळीत वाढलेली, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा ती 'पाणी' म्हणायची. दोन वर्षांत आमच्यासारखं 'पानी' म्हणायला लागली.

मी एक तक्ता तयार केला. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, असे सात दिवस. सोबत संमतीपत्र: 'आपले नाव कुठेही येणार नाही.' प्रत्येक घरी मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि बायका हसायच्या. एक जण म्हणाली, "पोरी, सगळ्या चौकोनांत एकच लिही, काम चालू आहे." वीस बायका हव्या होत्या. विसावी आठवड्याच्या मधेच माहेरी निघून गेली. मॅडम म्हणाल्या, वीस म्हणजे वीसच. तेव्हा कुठे मला वहिनी आठवली.

"मी? मी तर घरातलीच," ती म्हणाली.

मी तिला संमतीपत्र थट्टेत वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं आणि पूर्ण नावाने सही केली.

तिचे सात तक्ते आले. बाकीच्या बायकांनी 'जेवण', 'धुणं', 'वाडीत' असं एकेका शब्दात भरलं होतं. वहिनीचं अक्षर बारीक, चौकोनात मावेल तेवढं. दुपारी तीनच्या चौकोनात सोमवारी होतं, 'मोटर चालू केली. पानी सोडलं. बसले.' मंगळवारी तेच. गुरुवारी, 'मोटर. बसले. काही केलं नाही.' शनिवारी, 'आतून कडी लावून बसले. मोटरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.'

मोटरची खोली म्हणजे वाडीच्या टोकाला विहिरीजवळ विटांची एक लहानशी खोली. आईच्या काळी पाटाने पाणी द्यायचे, तेव्हा बाईला अर्धा तास उभं राहून एकेका ओळीकडे पाणी वळवावं लागे. ठिबक आल्यावर नुसता खटका दाबायचा आणि अर्ध्या तासाने बंद करायचा एवढंच राहिलं. पण गुडघे दुखायला लागल्यापासून आई त्या टोकाला गेलीच नव्हती. तिला वाटायचं, सून अजूनही पाणी वळवत उभी असते.

वहिनी मेथी निवडत होती. मी तक्ता तिच्यासमोर धरला. "वहिनी, हे असं..."

"खरं लिहायचं होतं ना?"

"हो."

"मग लिहिलं." तिने दोन-तीन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "चाळीत आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं होतो. पण जिन्यात जाऊन बसलं तर कोणी विचारायचं नाही. इथे एवढी मोठी वाडी, आणि मी या क्षणी कुठे आहे ते कायम कोणाला तरी माहीत असतं. तुझ्या आईंना वाटतंय मी पानी वळवते. वाटू दे त्यांना."

"तुझं नाव कुठेही येणार नाही," मी म्हटलं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता तेव्हा.

मॅडमनी शनिवारच्या त्या चौकोनाभोवती लाल पेनाने गोल काढला. "हेच तुझं प्रोजेक्ट आहे," त्या म्हणाल्या. मी मात्र अहवालात मोटरच्या खोलीचा उल्लेखच केला नाही. 'सहभागी क्रमांक वीस दुपारी काही वेळ एकटी बसते,' एवढंच ठेवलं. मॅडम नाराज झाल्या, पण मी ऐकलं नाही. आपण वहिनीला नीट लपवलं, असं मला वाटत होतं.

मग शेवटचं प्रकरण आलं, शिफारशींचं. शिफारशींशिवाय प्रोजेक्ट पुरं होत नाही, असं मॅडमचं म्हणणं. मी वीस बायकांचा पाण्यापायी जाणारा वेळ एकत्र केला, तो बराच निघाला. तिसरी शिफारस मी लिहिली: 'पाण्याची मोटर मोबाईलवरून सुरू करण्याची सोय केल्यास स्त्रियांची उन्हातली खेप व वेळ वाचेल.' लिहिताना वहिनी माझ्या डोक्यात नव्हती. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण नव्हती. डोक्यात फक्त बेरीज होती.

कच्च्या प्रतीच्या स्पायरल बाइंडिंगला आगाशीच्या बाजारात दादा गेला होता, कारण माझी पूर्वपरीक्षा चालू होती. दुकानात गर्दी होती, तेवढ्या वेळात त्याने ते सगळं वाचून काढलं. घरी आला तो खुशीत. जेवताना आईला म्हणाला, "आपल्या घरात कोणी एवढं लिहिलं नव्हतं गं. आणि ती तिसरी शिफारस एकदम बरोबर आहे. सुरुवात आपल्यापासूनच करूया."

"अरे, ते उगाच... कॉलेजपुरतं असतं," मी म्हटलं.

"उगाच कसं? तूच लिहिलंस ना?"

वहिनी भात वाढत होती. तिने माझ्या ताटात वाढला आणि पुढे गेली.

मला बोलायचं होतं, पण बोलणार काय? मोटर राहू दे म्हटलं तर दादा विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर मी सही घेऊन बंद केलेलं होतं.

पुढच्या रविवारी माणूस येऊन मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून गेला. वहिनीनेच त्याला चहा दिला. दादाने ओटीवर उभं राहून मोबाईलचं बटण दाबलं आणि लांबून मोटरची घरघर ऐकू आली. पुतणीने टाळ्या वाजवल्या. आईला वाटलं, पाणी वळवायचं कामही आता मोबाईलच करणार. "आता तुला उन्हातून जायला नको," दादा वहिनीला म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर मी अभ्यासाला घरीच होते. तीन वाजले की दादा कंपनीतून बटण दाबायचा, मोटर सुरू व्हायची आणि मी पुस्तकातून मान वर करायचे. पहिले दोन दिवस वहिनी स्वयंपाकघरात नुसती उभी दिसली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आता मोकलीच आहेस तर हारांची फुलं तेवढी निवडत जा." चौथ्या दिवसापासून तो अर्धा तास फुलांचा झाला. तक्ता पुन्हा भरायला दिला असता तर त्या चौकोनात लिहायला तिला एकच शब्द पुरला असता.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, तिसरी शिफारस काढून टाकते.

"का? तुझ्याच घरी अंमलबजावणी झाली म्हणालीस ना? काढतेस कसली, परिशिष्टात फोटो लाव."

मी फोटो लावला. नाही म्हणता आलं असतं. पण मॅडमना कारण सांगावं लागलं असतं, मार्क गेले असते, असं मी स्वतःला समजावत राहिले. फोटो काढायला त्या खोलीत गेले तेव्हा कोपऱ्यात एक गोणपाट चौपदरी घडी करून ठेवलेलं दिसलं. फोटोत ते येणार नाही अशा बाजूने मी उभी राहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी फोटो पाहून मान डोलावली. "अभ्यासाचा थेट उपयोग झाला. तुमच्या घरच्या बाईंना किती वेळ मिळाला?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला मिळाले. दादाने पेढे आणले. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी वहिनीला विचारलं, "मी दादाला खरं सांगू का?"

"काय सांगशील? तुझी बायको मोटरच्या खोलीत कडी लावून बसायची? ते विचारतील, कशाला. मग तुझ्या आई विचारतील, कोणाबरोबर."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. केलंस तेवढं पुरे." ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सगळे ओटीवर चहाला बसलो होतो. वहिनी एकदम म्हणाली, "अहो, ते मोबाईलचं काढून टाका."

"बिघडलं का?" दादा म्हणाला.

"नाही. मला दुपारी तिकडे जायचं असतं."

"कशाला?"

"बसायला."

आई म्हणाली, "घरात बसायला जागा नाय?"

"आहे. पण तिथे कोणी हाक मारत नाही." मग ती दादाला म्हणाली, "हिच्या पुस्तकात विसाव्या नंबरची बाई मी आहे. वाचा परत."

दादा उठला, कपाटातून प्रत घेऊन आला आणि तिथेच उभ्याने पानं उलटत राहिला. ते वाक्य सापडल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे बघत बसले. "मला आधी का नाही सांगितलं?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

तो वाईट माणूस नाही. स्टार्टर काढला नाही, पण म्हणाला, "तू जात जा की, कोण अडवतंय?" त्याने खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, छोटा पंखा लावला. आईनेसुद्धा अडवलं नाही. फक्त साडेतीन वाजले की पुतणीला म्हणायची, "जा, आईचं बसून झालं का बघ."

वहिनी आठ दिवस गेली, मग जायची बंद झाली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आता तिथे बसले की वाटतं, सगळे घरात बसून माझाच विचार करतायत. तक्त्यात लिहिण्याआधी ते माझं होतं."

त्याला आता तीन वर्षं झाली. मी एम.ए. करून एका संस्थेत सर्वेक्षणाचंच काम करते. हल्ली रविवारी घरी असले की कधीमधी दुपारी वहिनी अर्धा तास दिसत नाही. मोटरच्या खोलीत नसते, हे मी एकदा पाहिलंय. त्यापुढे शोधलं नाही. आई विचारते, "कुठे गेली ही?" मी म्हणते, फुलं तोडायला गेली असेल.