मुठेकाठचं बंदर

माझं माहेर चौलचं. बाप आणि भाऊ दोघेही गलबतावर असायचे, आणि लग्नही बंदरावरच्याच वाण्याच्या घरात झालं. त्यामुळे समुद्र आपल्याला कधी सुटेल असं मनातही आलं नव्हतं.

पण आमच्या ह्यांच्या डोक्यात पुणं शिरलं. तिथे सरकारातून शनिवार पेठेच्या पुढे, नदीच्या अंगाला, एक नवी पेठ वसवायला काढली होती. जो व्यापारी आणून वसवील त्याच्याकडे पेठेचा कारभार, शेटेपण, द्यायचं होतं. हे रात्रंदिवस तेच बोलू लागले.

"बंदरावर माल उतरतो आणि पावसात भिजून कुजतो. घाट चढायचा तर नाक्यानाक्यावर गाठोडी सोडून दाखवा, दर ठिकाणी जकात भरा. त्यापेक्षा गाठोड्याला मोहर इथे लावायची आणि फोडायची ती थेट पुण्यात. जकात एकदाच, तिथे. मग मस्कतचा, इराणचा, चीनचा माल पुण्यात उघडेल. आपली पागोटी, शेले तिथेच बांधून, मोहर लावून सरळ गलबतात चढतील. परदेशी सौदागर आपण होऊन इथे येतील बघ."

"इथे म्हणजे कुठे?" मी विचारलं. आम्ही अजून चौलातच होतो.

"पुण्याला," हे म्हणाले. मनाने ते केव्हाच पोचले होते.

आम्ही लेकीला घेऊन पुण्याला आलो. वखारींच्या भिंती चढत होत्या तेव्हा नारायण पेठेतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी काठी टेकत बघायला येत. एकदा त्यांनी विचारलं, "शेटजी, आपल्या बंदराला भरती कधी असते?" हे मनापासून हसले. त्या दिवसांत त्यांना कशाचाच राग येत नसे.

पहिला बैलांचा तांडा आला तेव्हा पेठेत हे उभे राहून एकेका गाठोड्याची मोहर तपासत होते आणि मी मागच्या पडवीत, कोणी बघत नाही असं पाहून, एका पोत्याला नाक लावून उभी होते. पोत्याला खाऱ्या पाण्याचा वास होता. तो नाकात गेला आणि मला रडू आवरेना. तेवढ्यात पाठीमागून कोणी तरी मोडक्या मराठीत म्हणालं, "बाई, मी पण असंच करतो."

तो मस्कतचा सौदागर. हे स्वतः चौलला जाऊन, त्याची मनधरणी करून त्याला घेऊन आले होते. पेठेत वखार घेणारा तो पहिला परदेशी. म्हातारा, उंच, पांढऱ्या दाढीचा. त्याच्या भरवशावर आणखी सौदागर आपला माल पुण्याला पाठवू लागले. पोवळी आली, लोकरीची बनात आली, चिनी बरण्या आल्या. माझ्या लेकीला तो खजूर द्यायचा, म्हणून ती त्याला खजूरबाबा म्हणायची. त्याचं जेवणखाण वेगळं, पण सणाला मी केळीच्या पानात पुरणपोळी बांधून वखारीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि तो ती दोन्ही हातांनी उचलायचा.

"तुमच्या घरी कोण कोण आहे?" लेक विचारायची.

"मुलगे आहेत. ईद झाली की जाणार मी घरी."

ईद व्हायची, आणि तो म्हणायचा, पुढच्या ईदेला. माल अडकलेला असे, नाही तर वारा फिरलेला असे, नाही तर आमचे हे त्याला म्हणत, "तुम्ही गेलात तर बाकीचे कसे राहतील?" मग तो राहायचा. पेठ मात्र खरोखरच उभी राहत होती. काठीवाले गृहस्थही आता भरतीचं विचारत नव्हते. मुलीच्या लग्नासाठी त्यांना चिनी रेशीम हवं होतं.

एका उन्हाळ्यात फौज दूर गेलेली असताना गनीम शहरावर चालून येतोय अशी बातमी आली. पुणं दोन दिवसांत रिकामं झालं. मिळेल ती गाडी, मिळेल तो बैल घेऊन लोक सिंहगडाकडे निघाले. हे मात्र वखारीसमोरून हलेनात.

"माल लोकांचा आहे. माझ्या शब्दावर आलेला आहे," हे म्हणत होते.

सौदागराने ह्यांचा हात धरून त्यांना गाडीशी आणलं. "तुझ्या शब्दावर मी आलो. माझ्या शब्दावर बाकीचे आले. तेव्हा मी थांबतो."

"मग मीही थांबतो."

"तुझी लेक लहान आहे. माझे मुलगे माझ्यावाचून मोठे झाले. तू चढ गाडीत."

हे चढले. लेक मागे बघून हात हलवत होती, आणि तोही हलवत होता.

गडावरून आम्हाला धूर दिसला. कोणी म्हणे कसबा जळतोय, कोणी म्हणे शनिवार. हे तटाशी उभे राहून बघत राहिले.

आम्ही परतलो तेव्हा पेठेत भिंती तेवढ्या उरल्या होत्या. नदीकाठचा एक माळी लव्हाळ्यात लपून राहिला होता, त्याने सगळं पाहिलं होतं. शिपायांनी माल काढून नेला आणि वखारींना आग लावली. म्हातारा सुखरूप बाहेर उभा होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. पण मागच्या खणात काही गाठोडी उरली होती. ती ओढून काढायला तो आत गेला, आणि आढं कोसळलं.

ह्यांनी आणि माळ्याने मिळून त्याला गुडघाभर पाण्यातून नदीपलीकडे, येरवड्याच्या वाटेवर नेलं. खड्डा ह्यांनी स्वतः खणला. तिथल्या एका फकिराने त्याच्या धर्माप्रमाणे प्रार्थना म्हटली.

पावसाळा सरून गलबतं सुरू झाली तेव्हा त्याचा थोरला मुलगा आला. बापासारखाच उंच. ह्यांना त्याच्याशी बोलताच येईना. तेव्हा परक्या पुरुषासमोर पहिल्यांदाच मी पुढे झाले.

"तुमचे वडील दर वेळी म्हणायचे, ईद झाली की घरी जाणार."

त्याच्याबरोबर आलेल्या दुभाष्याने ते त्याला सांगितलं.

"आम्हालाही ते दर वर्षी हाच निरोप पाठवत," मुलगा म्हणाला. "माझ्या धाकट्या भावाने त्यांना पाहिलेलंच नाही."

तो एक रात्र राहिला आणि निघून गेला. त्याच्यानंतर मस्कतचं कोणीच आलं नाही. गाठोडी पूर्वीसारखी बंदरावरच सुटू लागली.

पुढे शहर सावरलं. वाडे पुन्हा उभे राहिले, नारायण पेठेतली दुकानं भरली. एक दिवस सरकारी कारकून आमच्याकडे आला. मोठा सभ्य माणूस. म्हणाला, "शेटजी, ती पेठ पुन्हा वसवायची आहे. काही वर्षं जकात माफ करून घेऊ. चौलला आपल्या शब्दाला अजून किंमत आहे. आपण बोलावलंत तर लोक येतील."

"येतील ना," हे म्हणाले. "म्हणूनच नको."

कारकुनाला काही उमगलं नाही. तो माझ्याकडे बघू लागला. मी त्याच्यापुढे ताकाचं भांडं ठेवलं.

"आपण विचार करून सांगा," तो म्हणाला. "घाई नाही."

"अहो, विचार झालाय माझा," हे म्हणाले, आणि पायांत वहाणा घालून मागच्या दाराने बाहेर पडले. कारकून ताक पिऊन गेला. दिवेलागणीला हे परत आले तेव्हा पाय नदीच्या पाण्याने गुडघ्यापर्यंत ओले होते, वहाणा हातात होत्या. कुठे गेला होतात, हे मी विचारलं नाही. पाय पुसायला पंचा दिला आणि पान वाढायला घेतलं.