गयाआत्याच्या बांधावरचे नर वेल

गयाआत्या गेल्याची बातमी मला ताडकळसच्या बाजारात कळली. ज्वारीच्या पोत्यात दडवून आणलेली जहागीरदारांविरुद्धची पत्रकं वाटत होतो, तेव्हा आत्याच्या गावचा, वालूरचा एक ओळखीचा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला की तुझ्या आत्याला परवा माती दिली. मी हातातलं पत्रक त्याच्या हातात ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो... ते वळणं अजून सोसत नाही. महिना उलटला. बसलो की उठावंसं वाटतं, एका गावात थांबलो की दुसऱ्या गावाला निघावंसं वाटतं. आत्यानं मला एक गोष्ट लिहायला सांगितली होती. ती जिवंत असेपर्यंत मी ती लिहिली नाही.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. नवरा ऐन उमेदीत गेला, जमीन दिरांनी वाटून घेतली, आणि तिच्या वाट्याला आला एक बांध. शेत नव्हे, शेताचा बांध. त्यावर दर पावसाळ्यात करटुलीचे वेल यायचे. ते कुणी लावलेले नव्हते. करटुलं पिकून फुटलं की आतला लाल गर पाखरं खातात आणि बी जिथं बसतील तिथं टाकतात, बहुधा बाभळीखाली. रुजलं की जमिनीत गड्डा धरतो, मग वेल दरसाल त्यातूनच वर येतो. श्रावणभर आत्या ती काटेरी फळं टोपलीत घालून पाथरीला न्यायची. तिचं मीठमिरची आणि लुगडं त्यातून व्हायचं. दिरांपुढे हात पसरायचा नाही, हा तिचा हट्ट त्या बांधावर उभा होता.

गेल्या श्रावणात पोलिसांची नजर चुकवून मी आठ दिवस तिच्याकडे राहिलो. रिकामं बसवेना, म्हणून बांधावर गेलो. पाहतो तर निम्म्या वेलांना फळच नाही, नुसती पिवळी फुलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच विषय होता. स्वतः काही न पिकवता दुसऱ्याच्या रानावर पसरलेले जहागीरदार मला त्या वेलांत दिसले. सगळे गड्ड्यासकट उपटले, उन्हात फेकले आणि त्याच दुपारी पत्रक लिहिलं: फळ न देणारा वेल मुळासकट उपटा. वाक्य मला फार आवडलं होतं. पाथरीपासून ताडकळसपर्यंत फिरलं ते.

संध्याकाळी आत्या आली. सुकलेला एक गड्डा उचलून बघत राहिली.

"काय केलास हे?"

"ऐतखाऊ होते, आत्या. एकाला तरी फळ होतं का?"

"आरं, नर हायेत ते. बापाला पोर हुतंय का कधी?"

मग तिनं मला उरलेल्या वेलाजवळ वाकवलं. मादीच्या फुलाखाली बोराएवढं हिरवं, लवदार फळ आधीच असतं, नराच्या फुलाखाली काहीच नसतं. दिवेलागणीला फुलं उमलतात, पाकोळ्या म्हणजे रात्रीचे पतंग नराची भुकटी मादीपर्यंत नेतात. ती पोचली नाही तर ते बारकं फळ पिवळं पडून गळतं. "इतकी बुकं वाचायलास," ती म्हणाली, "अन् फुलाच्या खाली बघता आलं न्हाई तुला."

दुसऱ्या दिवसापासून ती दोन कोसांवरच्या माळावर जायला लागली. तिथून नराच्या उमलायला आलेल्या कळ्या ओल्या फडक्यात आणायची आणि दिवेलागणीला उमलल्या की एकेका मादीच्या फुलावर टेकवायची. मी दोन दिवस सोबत गेलो, मग मला कामं निघाली. त्या साली टोपली दोनदाच पाथरीला गेली. दिवाळीचं लुगडं दिरानं आणलं, ते तिनं खाली मान घालून घेतलं.

पुढं कळलं की ताडकळसला माझ्यासारख्याच दोन शहाण्यांनी पत्रक वाचून आपापल्या आयांचे वेल उपटले. आत्यानं मला बोलावून घेतलं. चुकलो असं छापून टाक म्हणाली. मी वाद घातला, की वाक्य जहागीरदारांवर आहे, मागं घेतलं तर विरोधक हसतील.

"जहागीरदाराचं काय करायचं ते कर. माझ्या वेलाचं खोटं लिवलास, तेवढं पुस."

बघू, म्हणालो मी... ती आमची शेवटची भेट.

तर आता लिहितो. ते वाक्य खोटं होतं. ज्याला आपण वांझ म्हणालो त्याच्यावाचून फळ धरत नाही. जहागीरदाराला नर वेल म्हणणं हा वेलाचा अपमान होता, कारण वेल आपलं काम करतो. करटुलीचा वेल उपटण्याआधी फुलाच्या खाली बघा. खाली काही नसलं तर त्याला हात लावू नका. ज्यांनी माझं ऐकून उपटले, त्यांच्या आयांची मी माफी मागतो.

परवा माळावरून ओल्या फडक्यात नराच्या कळ्या घेऊन वालूरला गेलो. बांधावर मादीचे वेल भरून आले होते, खाली पिवळी पडलेली बारकी फळं. दिवेलागणीला मी उमललेली फुलं लावत असताना आत्याची जाऊ शेतातून आली, त्याच दिराची बायको. हाकलेल असं वाटलं. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं.

"तू दाबायलास," ती म्हणाली. "तुझी आत्या नुसती टेकवायची. आन इकडं."

आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन ती वाकली.