पहारा बदलताना

"तुम्हाला पीटीएसडी आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. म्हणजे जिवावरचा प्रसंग टळून जातो, पण शरीर त्यातून बाहेर येत नाही. झोप उडते, आवाजाला दचकायला होतं.

"म्हणजे वेडच की," मी म्हणालो.

"वेड नाही, आजार. औषध आहे, वेळ लागेल."

मी मान वर केली नाही. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला गडी आणि मानसोपचाराच्या ओपीडीत! गावाकडं, साताऱ्यात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत मी बीपीचं सांगून ठेवलं.

सुरुवात वाशीच्या भाजी मार्केटात झाली. मी तिथं सिक्युरिटी सुपरवायझर. ट्रकचा फाळका धाडकन पडला आणि मी शेजारच्या शेठला ओढून चिखलात पालथा. हमाल खो खो हसले. शेठ मात्र नुसते कपडे झटकत राहिला, ते जास्त लागलं.

मूळ गोष्ट डॉक्टरांना सांगायला फार दिवस लागले. सीमेवर गोळाबार चालू होता. माझी पहाऱ्याची ड्युटी संपली, माझ्या तुकडीतला दत्ता माझ्या जागी उभा राहायला आला. मी चार पावलं गेलो असेन, त्याच जागेवर गोळा पडला. दत्ता गेला. मला खरचटलंसुद्धा नाही. पुढं लोकांनी शाली घातल्या, नारळ दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. याला सर्व्हायव्हर गिल्ट म्हणतात, आपण वाचलो याचीच बोचणी. "गोळ्या चालू ठेवा आणि माणसांत बसा," मॅडमनी सांगितलं.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, मला हाताला धरून सेक्टरातल्या मारुती मंदिरात भजनाला नेलं. पखवाजावर थाप पडली आणि मी चपला टाकून बाहेर पळालो. दुसऱ्या दिवशी भजन सांगणाऱ्या बुवांनी मला पखवाज्याच्या शेजारीच बसवलं. हात उचललेला दिसला की थाप येणार हे कळायचं. का पळालास, असं कुणी विचारलं नाही. हळूहळू छातीतली धडधड कमी झाली.

मग सप्ताह लागला. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. मला दुपारचा पहारा मिळाला. माझ्यानंतर शंकरआबा, सत्तरीचे, जन्मभर मार्केटात गोणी वाहिलेले.

आबा समोर येऊन वाकले आणि मी वीणा घट्ट धरली. "राहू द्या, मी करतो," म्हणालो. थोड्या वेळानं ते परत आले. मी परत तेच. खांदा भरून आला, तरी सोडवेना.

"हवालदार, द्या की आता," बुवा म्हणाले.

"नाही देणार! मी जागा सोडली की येणारा मरतो!"

सगळ्या मंडळासमोर ओरडलो आणि रडायलाच लागलो. सुनंदा बघत होती, बायाबापड्या बघत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

वीणा कुणी हिसकावली नाही. बुवा जवळ आले. "आमी कोन बी उठनार न्हाय. तुमी बी समोर बसा. आबाला काय व्हतंय ते डोळ्यानं बघा."

आबा पुन्हा वाकले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि वीणा दिली. मग समोर बसून त्यांच्या छातीकडं बघत राहिलो, श्वास चालू आहे ना म्हणून. बायांनी घरी स्वयंपाक टाकून बैठक मारली होती. कुणी हललं नाही.

पहारा संपला. पुढच्याच्या गळ्यात वीणा घालून आबा गुडघे चोळत माझ्याशेजारी टेकले. "आरं हवालदार, रडून झालं आसंल तर च्या तरी आण की."

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा माणूस असेल, तर त्याला दवाखान्यात न्या आणि अशा लोकांतही न्या. गोळ्या मी अजून घेतो. त्या दिवसाची लाजही अजून वाटते. पण मी उठलो आणि आबांकडं पाठ करून चहा आणायला गेलो.