दुसऱ्या रिंगला कट

माझा भाचा प्रकाश आणि त्याची बायको, या दोघांनी मला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत फसवले.

मी लोहाऱ्यात एकटा राहतो, जुन्या मोटारसायकली घेतो-विकतो. संध्याकाळी घरी पोचलो की पांढरकवड्याला अक्काला, म्हणजे मोठ्या बहिणीला, मिस कॉल द्यायचा. तिने दुसऱ्या रिंगला कट केला की समजायचे, तीही बरी आहे. बोलणे फुकट झाले तरी रीत तीच राहिली. बोललो की आमचे भांडणच व्हायचे.

भाऊबीजेला निघालो. यवतमाळच्या स्टँडवर तर्रीतला आलूबोंडा खाल्ला आणि सीताफळवालीशी भाव पाडू लागलो.

"एवढ्यात तं नुसत्या बिया येते, भाऊ," ती म्हणाली.

शेवटी माझ्याच भावात घेतली. एसटीच्या पहिल्याच ब्रेकला त्यातली दोन पिशवीत फुटली. बाहेर कापूस फुटला होता, मग सागाचे जंगल, मग हायवेचे ट्रक. शेजारची सीट रिकामीच राहिली.

अक्काच्या अंगणात थांबून गमतीने मिस कॉल दिला. आत फोन वाजला. दुसऱ्या रिंगला कट. मी हसतच आत शिरलो.

फोन सुनेच्या पिठाळ हातात होता. अक्का बाजेवर. तोंड वाकडे, उजवे अंग लुळे, वाचा गेलेली.

"मले काहून (का) नाही सांगतलं?" मी ओरडलो.

"पोळ्याले झटका आला," प्रकाश म्हणाला. "मामाले सांगू काय म्हनून इचारलं, तं मायनं डोळे मिटले. तुमी आले असते तं डॉक्टरशी भांडले असते."

"अन् हे कट कोन करून राह्यलं होतं?"

"तुमाले घोर नको म्हनून, मामाजी," सून खाली बघत म्हणाली.

मी बाजेवर बसलो. "अक्का, मले बलावू नका म्हनलं होतं काय तू?"

तिने डोळे मिटले.

"पाहा," प्रकाश म्हणाला.

मला ते 'नाही' वाटले. बिया काढून सीताफळ भरवले. डाव्या हाताने तिने माझी बाही धरली होती, ती मी निघेपर्यंत सोडली नाही.

फोन तिच्या उशाशी ठेवा, कोणी हात लावू नका, असे बजावून परतलो. घरी कुलूप काढून मिस कॉल दिला. रिंग पूर्ण वाजली आणि आपोआप थांबली.

प्रकाश, इतके दिवस मला 'बरी आहे' म्हणत होते ते कोण? आणि अक्का माझी वाट बघत पडली होती, तेव्हा मी का येत नाही, म्हणून तिला काय सांगितलेस? याचे उत्तर मला पाहिजे.