भंगारात निघालेला कॉम्प्युटर

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, हे मालकांनी चहा पिता पिता सांगितलं. कटिंग मशीनला आराखडे तोच पाठवायचा, आणि त्याच्यावरच मी काम शिकले. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, एकदा मला बघू द्या."

मालक मूळचे निपाणीकडचे, पण जन्म बंगळुरातला, म्हणून मराठीत मध्येच कानडी यायचं. "सरी, बघ," ते म्हणाले. "आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येतोय. तोवर काय ते कर."

जुन्या मशिनांसाठीच्या लिनक्स या संगणक प्रणालीची एक हलकी नवी आवृत्ती नुकतीच आली होती. ती मेमरी कमी खायची. अपडेट मध्येच तुटलं तर आधीचं सगळं आपोआप परत आणायची, असंही त्यात लिहिलं होतं. माझा काही विश्वास बसला नव्हता. शिवाय तिच्यात पहिल्यांदाच मराठी होतं. ते कसं आलं, हे मी वर्कशॉपमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

ती मी त्यात टाकली आणि आठवडाभर सगळं झकास चाललं. राहिलेलं एक अपडेट पूजेच्या सकाळीच उरकावं, अशी मला अवदसा आठवली. ते सुरू करून मी झेंडूच्या माळा आणायला गेले. तेवढ्यात मालकांच्या पत्नी, आमच्या अक्का, आल्या. पूजेच्या दिवशी यंत्रांना विश्रांती द्यायची, हा आमचा नेम. कॉम्प्युटरच्या आतला पंखा फिरताना ऐकून त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं.

मी परतले, तर अपडेट मध्येच तुटलेलं. फाडफाड बोलणार होते, पण हातात आरतीचं ताट घेतलेल्या बाईला काय बोलणार? सकाळपर्यंत स्विचला हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी बटण दाबलं. पडदा काळाच. अण्णा माझ्यामागे उभे होते.

"स्वल्प थांबू, मग देऊन टाकू," ते हळूच म्हणाले.

मग अक्षरं उमटली. अण्णांनी ती मोठ्यांदा वाचली: "अपडेट अर्धवट राहिलं. काळजी नको, आधीचं सगळं जागेवर आहे." खाली आमचे आराखडे एकूण एक दिसत होते.

"हे मराठीत कोण बोलतंय गं?"

"मीच, अण्णा." वर्षभर दर रविवारी बसून ती सगळी वाक्यं मीच मराठीत लिहिली होती. सांगताना अभिमानानं माझी मान ताठ होती.

अण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग भंगारवाल्याला म्हणाले, "हा नाही मिळायचा. यात आमचं माणूस बोलतंय."