एझ्राकाकांचे सात तास

एझ्राकाका अष्टमकर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा पेणच्या रामवाडीतले कावळे उडून थेट गागोद्याला गेले, टपरीवरचं दूध गॅस बंद असताना उतू गेलं आणि एक एसटी चक्क वेळेवर सुटली. सगळा प्रताप काकांच्या आवाजाचा. ते विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या नम्रताच्या दुकानात उभे होते, मी शेजारी झेरॉक्सच्या रांगेत.

"रोह्याहून इस्राएल किती तास?"

"सात, काका. चार हजार किलोमीटर."

"रोह्याहून?"

"मुंबईहून. रोह्याला विमानतळ नाय ना."

"मग ते मुंबईवाल्यांना सांग! मी काय धावपट्टीवर झोपतो?"

काका नागोठण्याच्या कंपनीत फिटर होते. जन्मभर मशीनच्या वरताण बोलायची सवय. रोह्याजवळच्या अष्टमीतली त्यांची ज्यू बिरादरी एकेक करून इस्राएलला गेली, धाकटी बहीण हन्नाही गेली. "तिकडे असले पोहे मिळतात काय?" असं विचारत काका तेवढे राहिले. आता हन्ना तिकडच्या हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती, आणि भाचा जोनाथन फोनवर सांगायचा, "मामा, घाई कशाला? सात तासांचा तर प्रवास. वेळ आली की कळवतो."

"वेळ आली की!" काका आता माझ्याकडे वळले. ओळख व्हायची होती, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. "अहो, आमच्यात मयत ताटकळत ठेवत नाय. त्याच दिवशी माती. मी वडखळच्या खड्ड्यात अडकलेला असणार, आणि तिकडे सगळं उरकलेलं! मला तिच्यावर मूठभर माती घालायचीय. नाय, खोटं बोललो. मला ती जिवंत असताना तिच्याशी भांडायचंय."

ऐकून मीही तापलो. ही अंतर मोजणारी मंडळी नेहमी धावपट्टीपासूनच का मोजतात? घरापासूनचा रस्ता, व्हिसाचे हेलपाटे, विमानतळावरची रांग, बॅगेतले पोहे काढून हुंगणारा साहेब, यातलं काहीच त्यांच्या आकड्यात नसतं. आणि तो आकडा ऐकून जोनाथनसारखी शिकलेली माणसं निर्धास्त बसतात, म्हाताऱ्यांनाही बसवून ठेवतात. याला माहिती म्हणायचं?

व्हिसा मात्र काकांनी भांडून मिळवला होता. नम्रता म्हणाली, "शनिवारचं तिकीट आहे."

"शब्बाथला? आमच्या विश्रांतीच्या वारी प्रवास? हन्ना खाटेवरून उठून मारील मला!"

"मग थेट सोमवार."

"काढ गो बाय. आणि जोनाथनला कळवू नको. परत सात तास सांगेल."

हन्ना शुक्रवारी पहाटे गेली. संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत, दुपारीच तिला पुरलं. सोमवारचं तिकीट काकांनी रद्द करायला लावलं.